यादी नको, तपासणी हवी!



सुट्टीची तिकिटं निघाली की रियाध असो, जेद्दा असो वा दमाम, आपल्या गप्पांत दोन विषय हमखास येतात: बॅगेचं वजन आणि विमानतळावरची झडती. "अमेरिकेत फार छळतात हो," "मुंबईत सीआयएसएफवाले पट्टासुद्धा काढायला लावतात," वगैरे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. झडती जरूर घ्या, पण याद्या बनवू नका.

पहिली यादी देशांची. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेला स्फोटक पदार्थ पेटवायचा प्रयत्न केला. लगेच जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेने १४ देशांची यादी काढली. त्या देशांतून येणाऱ्यांची जादा तपासणी! त्यात सौदी अरेबियाही होता. म्हणजे पासपोर्ट भारताचा, नोकरी जुबैलला, आणि संशयित कोण? तर आपण. एप्रिलमध्ये ती पद्धत त्यांनीच बदलली.

दुसरी यादी विमानतळांची. मार्च २०१७ मध्ये दहा विमानतळांवरून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांना मोबाइलहून मोठं कुठलंही यंत्र केबिनमध्ये न्यायला बंदी झाली. रियाध आणि जेद्दा दोन्ही त्यात. आम्हा संगणकवाल्यांचा लॅपटॉप गेला सामानाच्या पोटात. गंमत पाहा, ब्रिटननेही त्याच दिवशी बंदी जाहीर केली, पण त्यांच्या यादीत दुबई, अबुधाबी, दोहा नव्हते! तोच लॅपटॉप, तेच दुबई. वॉशिंग्टनला धोकादायक आणि लंडनला सुरक्षित? शिवाय लिथियम बॅटरीला आग लागली तर केबिनमध्ये ती निदान दिसते आणि विझवता येते. जुलैपर्यंत ही बंदीही गुंडाळली गेली.

यावर कुणी म्हणेल, ११ सप्टेंबर २००१ च्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी होते, मग सावधगिरी नको का? जरूर हवी. पण ती चारही विमानं बॉस्टन, नेवार्क आणि वॉशिंग्टनजवळच्या डलेसहून उडाली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुटात स्फोटकं घेऊन पॅरिसहून चढलेला रिचर्ड रीड ब्रिटिश नागरिक होता. आमच्या धंद्यात हे पोरसुद्धा सांगेल: एक पत्ता ब्लॉक केला की हल्ला दुसऱ्या पत्त्यावरून येतो. म्हणून आत येणारं प्रत्येक पॅकेट तपासायचं असतं.

याउलट २००६ मधला लंडनचा कट उघडकीस आल्यावर १०० मिलिलिटरचा नियम आला. कटकटीचा खरा, पण आईने दिलेलं लोणचं आणि शेखचं अत्तर त्याने एकाच मापाने मोजलं. असा नियम सोसायला माझी हरकत नाही.

आता तिसरी यादी, आणि ती आपल्या घरची आहे. भारतातल्या विमानतळांवर झडतीतून सूट असलेल्या बड्या पदांची रीतसर यादी आहे: राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री वगैरे. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीने माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली, तेव्हा संसदेत केवढा गदारोळ झाला! कंपनीला माफी मागावी लागली. कलामसाहेबांनी मात्र मुकाट्याने झडती दिली होती. त्यांच्याकडून एवढं तरी शिकायला नको?

डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर आपण विमानतळ सीआयएसएफच्या हाती देऊ लागलो. त्या जवानाला यंत्र द्या, प्रशिक्षण द्या, आणि समोर कोण उभा आहे हे न बघण्याची मुभाही द्या. रत्नागिरीचा वेल्डर दोन वर्षांनी घरून परत निघतो, तेव्हा तो बूट काढून रांगेत उभा असतो. मंत्रीमहोदयांनी त्याच्या मागे उभं राहावं. अमेरिकेने आपल्याला यादीत टाकलं म्हणून ओरडण्याआधी आपली ही यादी फाडू या. मग ओरडायला तोंड राहील.