दुआ नेमकी हवी

अब्बांना मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती आजोबा होते, सोबतीला त्यांची मुलगी. रात्री तिने आजोबांसाठी प्रार्थना केली आणि अम्मीला विचारलं, ‘चाची, चाचांसाठीपण करू का?’ अम्मीने मान हलवली.

ती मराठीत बोलू लागली, जणू समोर कुणी बसलंय. उद्या नऊ वाजता चाचांचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. रक्ताच्या दोन बाटल्या हव्यात, एकच मिळाली आहे, दुसरी मिळू दे. चाची दोन रात्री झोपल्या नाहीत, त्यांना झोप दे.

शेवटी तिने ‘येशूच्या नावाने’ म्हटलं. तिथे तिची वाट आणि माझी वाट वेगळी. माझ्यासाठी ईसा अलैहिस्सलाम अल्लाहचे प्रेषित आहेत, दुआ मी थेट अल्लाहकडेच मागतो. पण त्या आधीची वाक्यं मला लागली. संध्याकाळपासून मी एकच म्हणत होतो, ‘या अल्लाह, रहम कर.’ बाटलीचं नाव मी काढलंच नव्हतं. का? कारण माझ्या चुलतभावाचा रक्तगट जुळतो हे मला माहीत होतं, आणि त्याच्याशी दोन वर्षं माझं बोलणं बंद होतं. नेमकं मागितलं असतं, तर त्याला फोन करावा लागला असता.

रात्री अकराला मी तो फोन केला. तो आला.

तेव्हापासून ख्रिस्ती लोकांची प्रार्थना समजून घ्यायचा मी प्रयत्न करतो आहे. मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा भिकारी बार्तीमय आहे. तो हाक मारतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू त्याला विचारतात, तुला काय हवं आहे? आंधळ्याला काय हवं हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरीही त्याच्या तोंडून ते यायला हवं होतं. तेव्हा तो नुसतं दया कर, जमेल ते दे असं म्हणत नाही. त्याला दृष्टी हवी आहे, तो तेच मागतो.

नव्या करारातल्या इब्री लोकांसच्या पत्रात देवाजवळ धैर्याने जायला सांगितलं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे ‘पारेसिया’. ग्रीक नगरांत भर सभेत मोकळेपणाने बोलण्याच्या नागरिकाच्या हक्काला तो शब्द वापरत. म्हणजे हे धैर्य उद्धटपणाचं नाही, आपलं म्हणणं ऐकलं जाईल या भरवशाचं आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. जानेवारी 1956, माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालू होता. एका रात्री धमकीचा फोन आला. झोप उडाली, ते स्वयंपाकघरात कॉफी करून बसले आणि मोठ्याने प्रार्थना केली. त्यात धर्मोपदेशकाची सजवलेली भाषा नव्हती. मी घाबरलो आहे, माझी शक्ती संपली आहे, लोक माझ्याकडे बघत आहेत, अशी सरळ कबुली होती. थोड्याच दिवसांत, 30 जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होत्या, त्या वाचल्या. जमाव संतापला होता. किंग यांनी त्याला शांत करून घरी पाठवलं. ज्याने आपली भीती आधीच नाव घेऊन सांगितली होती, तोच त्या रात्री न भिता उभा राहू शकला, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, अल्लाह सगळं जाणतो, मग तपशील कशाला? तपशील त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. आणि हे आपल्याकडेही आहेच. ‘तुझी इच्छा असेल तर माफ कर’ असं म्हणू नका, ठामपणे मागा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. फिरऔनकडे निघालेल्या मूसा अलैहिस्सलामांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून मागणं केलं, भाऊ हारून मदतीला नाव घेऊन मागितला. आपण मात्र अर्थ न कळलेल्या शब्दांवर आमीन म्हणतो आणि उठतो. नमाजची अरबी आपली आहेच, तिला कोण हात लावतो? पण नमाजनंतरची दुआ मराठीत मागायला कुणी अडवलं आहे? माझं दुःख मराठीत आहे, ते मी मराठीतच सांगणार.

धैर्य म्हणजे हुकूम सोडणं नव्हे, हेही लक्षात ठेवावं. विश्वास असेल तर औषध बंद करा असं सांगणारे सगळ्याच धर्मांत भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावं. शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतली येशूंची प्रार्थना आहे. हा प्याला टळू दे, असं ते स्पष्ट मागतात आणि मग निर्णय देवावर सोपवतात. मागणं पूर्ण, सोपवणंही पूर्ण.

अब्बा त्या ऑपरेशननंतर चौदा महिने जगले. माझ्या सगळ्या दुआ कबूल झाल्या असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या जनाजाला मी आणि माझा चुलतभाऊ खांद्याला खांदा लावून होतो. त्या रात्री मी नुसतंच ‘रहम कर’ म्हणत राहिलो असतो, तर तो तिथे नसता.