वर्ग उलटा करा, पण कामाचे तास लपवू नका

मराठी शिक्षकाचे जबलपूरशी नाते जुने आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत होता, त्या काळात नागपूर-वऱ्हाडकडचे पदवीधर मास्तर प्रशिक्षणासाठी जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात येत. पुढे हीच संस्था प्रांतीय शिक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि महाकोशल इकडे राहिला. तरी सिविल लाइंस-पचपेढीच्या पट्ट्यात आजही शिक्षक घडवण्याचे काम चालते. त्या कामात असलेले प्राध्यापक, अतिथी विद्वान आणि उद्याचे शिक्षक होऊ घातलेले छात्राध्यापक या सर्वांच्या पोटापाण्याशी संबंधित असा एक प्रश्न आज आम्ही मांडत आहोत.

प्रश्न आहे ‘फ्लिप्ड क्लासरूम’चा, म्हणजे उलट्या वर्गाचा. यात व्याख्यान वर्गात होत नाही. विद्यार्थ्याने ते घरी चित्रफितीवर पाहून यायचे आणि वर्गाची तासिका चर्चा, सराव व शंकानिरसनासाठी वापरायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाविषयी एक टिपण काढले. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, अशी कल्पना त्यात मांडली होती. तेव्हापासून अध्यापक महाविद्यालयांच्या कार्यशाळांत हा शब्द मंत्रासारखा जपला जातो आहे.

पद्धतीशी आमचे भांडण नाही

आम्ही आधीच स्पष्ट करतो की ही पद्धत वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून व्याख्यान कमी करून विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावले. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन व अ‍ॅरन सॅम्स या दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ चित्रित केले. खेळांच्या सामन्यांसाठी दूर जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, त्यावर त्यांनी शोधलेला तो उपाय होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे दोघेही त्या शाळेचे शिक्षक होते. पाठ चित्रित झाल्यावर ते वर्गातून बाहेर गेले नाहीत. व्याख्यानाचा जो वेळ वाचला, तो त्यांनी एकेका मुलाच्या बाकाजवळ जाऊन खर्च केला.

शिक्षक प्रशिक्षणात तर या पद्धतीचा उपयोग अधिकच आहे. पाठ टाचण कसे लिहावे यावर पन्नास मिनिटे व्याख्यान ऐकण्यापेक्षा चार जणांनी मिळून एक टाचण लिहावे आणि प्राध्यापकाने तेथेच त्यातील उणीव दाखवावी, हे केव्हाही चांगले. आमच्या कारखानदार बांधवांना हे वेगळे सांगायला नको. गन कॅरेज फॅक्टरीत किंवा खमरियात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलेला पोरगा ड्रॉइंग घरी पाहील, पण हात बसतो तो उस्ताद शेजारी उभा असेल तेव्हाच.

हिशेब कुठे चुकवला जातो?

आता हिशेब मांडू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. वर्षाला कामाचे २०० दिवस, आठवड्याला किमान ३६ तास, अभ्यासक्रमाला ८० टक्के हजेरी आणि शाळेतील इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी, अशी अट घातली. दोन वर्षांच्या मिळून २०० विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक नेमावेत, असेही सांगितले.

समजा पाच विषयांच्या वीस-वीस मिनिटांच्या चित्रफिती रोज पाहायच्या आहेत. म्हणजे रोज शंभर मिनिटे आणि सहा दिवसांच्या आठवड्याला दहा तास. आमचा व्यवस्थापनांना साधा सवाल आहे. हे दहा तास ३६ तासांच्या आत धरणार की वर?

वर धरले तर आठवडा ४६ तासांचा होतो आणि वाढीव दहा तास छात्राध्यापकाच्या माथी बसतात. सिहोरा, पाटण किंवा कुंडमहून खासगी बसने येणारी मुलगी संध्याकाळी घरी पोहोचते, चूल सांभाळते आणि मग रात्री दहाला मोबाइल कोणाचा रिकामा आहे ते पाहते. घरी यंत्र आणि इंटरनेट असतेच हे गृहीत धरणाऱ्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे आठवावेत. ग्रामीण भागात त्या वर्षी जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे, पण चार माणसांच्या घरात एक मोबाइल म्हणजे चौघांकडे मोबाइल नव्हे.

आत धरले तर काय होते? वर्गातील दहा तासिका कागदावरून उडतात. त्यांचा पहिला घाव बसतो तो मध्य प्रदेशातील अतिथी विद्वानावर आणि महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकावर. त्यांची चूल केलेल्या कामावर पेटते. पाठ एकदा चित्रित झाला की पुढील वर्षी त्या माणसाची गरज काय, असा विचार व्यवस्थापनाच्या मनात येणार नाही, याची हमी कोणी दिली आहे काय? चित्रफितीतला आवाज त्याचा, अभ्यास त्याचा, रात्रीचे जागरण त्याचे आणि मालकी मात्र संस्थेची! दहा मिनिटांच्या चित्रफितीसाठी टाचण, ध्वनिमुद्रण आणि दुरुस्ती यात अर्धा दिवस सहज जातो. हा अर्धा दिवस कोणत्या कार्यभारात मोजला जातो? आज तो बहुतेक ठिकाणी ‘उत्साह’ या सदरात मोजला जातो, आणि उत्साहाला वेतनश्रेणी नसते.

म्हणजे हिशेब कसाही केला तरी तोटा श्रम करणाऱ्याचाच होतो. वर्ग उलटा झाला, पण ओझे होते त्याच खांद्यावर राहिले.

बंद वर्गांना नवे नाव नको

यात आणखी एक धोका आहे. महाराष्ट्रातील खासगी डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हे वर्मा पूर्वी जबलपूरच्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या सुमारे ९० टक्के संस्था बिगरसरकारी क्षेत्रात आहेत, हे या आयोगाने २०१२ च्या अहवालात नोंदवले. प्रवेशाच्या दिवशी आणि परीक्षेच्या दिवशी तेवढे तोंड दाखवा, बाकी आम्ही सांभाळून घेऊ, असे सांगणारी महाविद्यालये या क्षेत्रात कोणाला ठाऊक नाहीत? अशांच्या हाती ‘घरी शिका’ हा परवाना दिला तर रिकाम्या वर्गाला आधुनिक नाव मिळेल, एवढेच.

त्याची किंमत शेवटी कोण मोजणार? शिक्षक जसा शिकतो तसा शिकवतो. घरी पाहून येणे हाच अभ्यास, हे ज्याच्या अंगवळणी पडले, तो उद्या मंडला-दिंडोरीच्या किंवा मेळघाटच्या शाळेत पोरांनाही तेच सांगेल. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा मध्य प्रदेशात ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ योजना निघाली. ज्या घरात मोबाइल नव्हता, तिथपर्यंत शिक्षकालाच चालत जावे लागले. मजुराच्या पोराला घरी ना जागा असते ना यंत्र. शाळेचे चार-पाच तास हीच त्याची इस्टेट आहे. ती त्याच्याकडून काढून घेणाऱ्या शिक्षकाला आम्ही प्रशिक्षित म्हणणार नाही.

यंत्र येऊ द्या, करार करून

संघटना नेहमी यंत्राच्या आड येतात, हा आरोप आम्हाला नवा नाही. बँकांत संगणक आले तेव्हाही तो झाला. पण १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी संगणकीकरणाबाबत करार केला आणि यंत्र अटींवर आत आले. आम्हाला अध्यापक महाविद्यालयांतही हाच रस्ता हवा आहे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. पूर्वतयारीचा वेळ ३६ तासांच्या आतच धरावा आणि तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वा संगणक कक्षात, संस्थेच्या यंत्रांवर, अध्यापकाच्या उपस्थितीत मिळावा. उलट्या वर्गाची तुकडी पंचवीसच्या वर नसावी. पन्नासांच्या घोळक्यात ‘वैयक्तिक लक्ष’ ही थट्टा आहे. चित्रफीत तयार करण्याचे तास कार्यभारात मोजावेत. चित्रफितीवर करणाऱ्याचा हक्क राहावा आणि तो नोकरीत नसताना ती त्याच्या संमतीशिवाय वापरू नये. या पद्धतीच्या नावाखाली एकही पद गोठवू नये, एकाही अतिथी विद्वानाची तासिका कापू नये. उलट लहान तुकड्यांसाठी लागणारी पदे भरावीत. सराव पाठ आणि वीस आठवड्यांची इंटर्नशिप यांना हात लावू नये.

खरी उलटी वर्गपद्धती महाग आहे, कारण तिला जास्त माणसे लागतात. जो ती स्वस्तात करून दाखवतो, तो कोणाच्या तरी फुकट श्रमावर करतो. शिक्षक बंधू-भगिनींनो, पुढच्या कार्यशाळेत पडद्यावर रंगीत तक्ते झळकू लागले की हात वर करा आणि एकच विचारा: हे तास कोणाच्या खात्यात? लेखी उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.