मुका के

माझं स्पष्ट मत आहे की, विणकामाच्या नमुन्यात नुसते संक्षेप छापणाऱ्याला त्याच संक्षेपांवरून एक अख्खा स्वेटर, बाह्यांसकट, विणायला लावावा. आणि मग तो भर वैशाखात आमच्या कुंभवलीत घालून फिरवावा.

आता कुंभवलीकराने आद्याक्षरांविरुद्ध ओरडावं हे जरा विनोदीच. आमचा सगळा मुलूख आद्याक्षरांवर उभा आहे. पोट भरतं ते एमआयडीसीत, कारखान्यांचं घाण पाणी जातं ते सीईटीपीत, आणि १९६९ साली अणूपासून वीज निघाली ती टीएपीएसमध्ये. पण ही अक्षरं निदान आपल्याला काही करायला सांगत नाहीत. एमआयडीसी म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही माणूस तिथे तीस वर्षं नोकरी करून निवृत्त होतो. पीएसएसओ म्हणजे काय हे ठाऊक नसताना टोपडं होत नाही!

हे मला कळलं ते शेजारच्या काकूंमुळे. त्यांच्या टोरांटोच्या सुनेला दिवस गेलेले. तिने टोपड्याचा इंग्रजी नमुना फोनवर धाडला. काकू मूळच्या नाशिकच्या, थंडीच्या गावच्या. टीव्ही बघता बघता हातमोज्यांची बोटं विणणारी बाई. पण त्या दोन दिवस सुया गुंडाळून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"अरे, तू बँकेतला माणूस. तुला अक्षरांची सवय. मला आता नाही रे जमत हे."

के टू टॉग, वायओ, एसएसके, पीएसएसओ! बँकेतल्या माणसाला के दिसला की पुढे वायसीच दिसतं. पण मीही बी. कॉम. झालेला, खतावण्या जुळवण्यात केस पिकवलेला माणूस. एका संध्याकाळीत उलगडा केला. के म्हणजे सुलट, पी म्हणजे उलट. के टू टॉग म्हणजे दोन टाके मिळून एक सुलट. वायओ म्हणजे दोरा सुईवरून घेणं, म्हणजे जाळीचं भोक. आणि ते भयंकर पीएसएसओ म्हणजे, न विणता उचललेला टाका पुढच्या विणलेल्या टाक्यावरून ओलांडून सोडणं.

"अगंबाई, हे होय!" काकू म्हणाल्या. "हे तर मी चाळीस वर्षं करतेय."

माझा राग आहे तो इथे. चाळीस वर्षं जे हात करताहेत, ते येत नाही असं त्या हातांना वाटायला लावणारी ही अक्षरं! ज्याला आधीच सगळं येतं त्याच्या सोयीसाठी ती काढलेली, आणि बाकीच्यांना दार बंद.

बरं, काढली तीही कशी? इंग्रजीत 'निट' म्हणताना ज्या 'के'चा उच्चार करायचाच नाही, नेमका तोच मुका के सुलट टाक्याच्या नावाने पुढे उभा केला. आपल्या मराठी नमुन्यांत 'दोन सु., दोन उ.' म्हटलं की झालं. सुलट आणि उलट आपोआप जिभेवर येतात.

क्रोशात तर याहून गोंधळ. डीसी ही दोन अक्षरं इंग्रजांच्या नमुन्यात एका टाक्याची आणि अमेरिकनांच्या नमुन्यात त्याहून चांगल्या उंच टाक्याची. नमुना कुठला हे न बघता बसलात, तर तोरणाचा पडदा होतो. आपण एकाला मुका खांब म्हणतो, दुसऱ्याला खांब. कधी कुणाचं घर पडलंय? सुयांचंही तेच. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात. आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड. आपली आठ नंबर चार मिलिमीटरची, त्यांची पाच. टोपडं बाळाला विणायचं की आजोबांना, हे असं सुईच्या नंबरावर ठरतं.

सौ.चं म्हणणं, संक्षेपांनी जागा वाचते. वाचत असेल, कागद महाग होता तेव्हा! फोनवर कसली जागा वाचवता? आणि वाचवायचीच तर जपान्यांसारखी वाचवा. त्यांनी विणकामाच्या खुणा देशाच्या प्रमाणांत बसवल्या. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी म्हणजे उलट. चौकटीच्या कागदावर बोट फिरवत जायचं. जपानीचं एक अक्षर येत नसलेली बाईसुद्धा तो नमुना विणू शकते.

आमच्या धंद्यात तर हे वरूनच बजावलेलं आहे. पासबुकात दुर्बोध नोंदी करू नका, थोडक्यात पण समजेल असा तपशील लिहा, असं रिझर्व्ह बँकेने आपल्या परिपत्रकातून बँकांना सांगितलंय. (ते किती पाळलं जातं हा वेगळा लेख आहे, आणि मला अजून नोकरी करायची आहे.) विणकामाला रिझर्व्ह बँक नाही, म्हणून वाटेल ते छापायचं? माझी मागणी एवढीच आहे की, प्रत्येक नमुन्याच्या माथ्यावर, पहिल्या टाक्याच्या आधी, प्रत्येक अक्षराचा अर्थ पूर्ण शब्दांत हवा, आणि नमुना कुठल्या देशाचा तेही हवं.

काकूंनी तो अख्खा नमुना जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत उतरवून काढला. टोपडं झालं, गेलंसुद्धा. परवा सुनेचा फोन आला, "आई, ते मराठीतलं पान मला पाठवा ना. तो नमुना मलाही कळला नव्हता, म्हणून तर तुम्हाला पाठवला होता."