पाठीवर बिऱ्हाड, छातीत धाप

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो ते काही कौतुकाने म्हणत नाही. पण हल्लीच्या मुलांनी ते बिरुद म्हणून मिरवायला घेतले आहे. दोन पट्ट्यांची एक भली मोठी पिशवी पाठीवर टाकायची, हॉटेलाऐवजी कुठल्याशा स्वस्त वसतिगृहात खाट धरायची आणि देशोदेशी हिंडायचे! घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवाला मात्र घोर. पैसे पुरतील का, जेवायला काय मिळेल, कोणी फसवील का, हे प्रश्न मोठ्याने विचारले जातात. 'आणि तिकडे आजारी पडली तर?' हा प्रश्न शेवटी, दबक्या आवाजात येतो. दिवाळीच्या दिवसांत आजाराच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाच्या ताटाभोवतीच पुढच्या सुटीचे बेत शिजतात. तेव्हा हीच वेळ बरी.

२०२४ सालच्या मे महिन्यात मी माझ्या भाचीबरोबर कुस्को या शहरी होते. पेरूमधले कुस्को. (पेरू देश, फळ नव्हे. हा विनोद आमच्या घरी इतक्या वेळा झाला की, मी तो इथे टाकून मोकळी होते.) भाची चोवीस वर्षांची. कळसूबाई तिने चार वेळा केलेले, राजगड-तोरणा एका दमात. मी सत्तावन्न वर्षांची आणि जिना उतरताना कठडा धरणारी. माझ्या धाकट्या बहिणीने मला मुलीची सोबत म्हणून धाडले होते; भाचीने मला सामान म्हणून पत्करले होते.

कुस्को पाहून कोणीही हरखून जावे. इंका राजांची ही राजधानी. १५३३ साली स्पॅनिश लोकांनी ती घेतली आणि इंकांच्या भिंतींवरच आपले वाडे आणि चर्चे उभी केली. त्यामुळे खाली चुन्याशिवाय बसविलेले घोटीव दगड आणि वर पांढरी भिंत, लाकडी सज्जा, लाल कौले, असा एकेका घराचा थाट. कौलांमुळे मला क्षणभर कोकणातच आल्यासारखे वाटले. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर सान्तो दोमिंगोचा मठ बांधलेला आहे. १९५० सालच्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली; इंकांच्या भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. एका गल्लीत बारा कोपऱ्यांचा एक दगड आहे. शेजारच्या दगडांत तो असा चपखल बसला आहे की, फटीत सुरीचे पाते जाऊ नये. हे सगळे आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले. भाची पुढे, मी मागे. सान ब्लास नावाच्या चढावरच्या वस्तीत ती पायऱ्या उड्या मारीत चढली आणि वरून मला म्हणाली, "मावशी, ये ना! अगं, पर्वतीएवढ्यासुद्धा नाहीत."

पर्वतीएवढ्या नव्हत्या हे खरे. पण त्यांची पहिली पायरीच समुद्रापासून अकरा हजार फुटांच्या वर होती, हा फरक पर्वतीला माहीत नाही.

संध्याकाळी तिचे डोके दुखू लागले. रात्री ओकाऱ्या. "लिमात मासे खाल्ले ना, ते बाधले," असा तिने स्वतःच निकाल दिला. लिमाला लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे आवडीने खातात. ते तिने खाल्ले होते, आणि मी खाल्ले नव्हते. युक्तिवाद बिनतोड दिसत होता. सकाळी तिने तोंड धुतले, केस बांधले आणि "एकदम बरी आहे" म्हणून जाहीर केले. आम्ही उतरलो होतो ते घर चौकाचे, आपल्या जुन्या वाड्यासारखे. न्हाणीघर चौकापलीकडे, पुरती पंचवीस पावलेही नव्हती. तेवढ्यात ती दोनदा पायरीवर टेकली. ज्या मुलीने राजगडाच्या चढावर माझी पिशवी उचलली होती, ती टॉवेल घेऊन पायरीवर बसली होती आणि माझ्याकडे पाहून हसत होती. ते हसणे मला मुळीच आवडले नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे अकरा हजार फुटांहून थोडे वरच आहे. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही तेवढाच, शंभरात एकवीस भाग. पण हवेचा दाबच कमी असल्याने दर श्वासाला समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू पदरात पडतो. शरीर याला तोंड देते. श्वास वाढवते, मूत्रपिंडे रक्तातला तोल सावरतात. पण त्याला दोन-चार दिवस हवेत. लिमा समुद्रकाठी, तिथून विमान सव्वा-दीड तासात कुस्कोला आणून टाकते. शरीराला सवडच मिळत नाही. मग सहा-बारा तासांनी डोके दुखते, मळमळते, अन्न नकोसे होते, झोप उडते. तिथले लोक याला 'सोरोचे' म्हणतात. आणि तालीम केलेल्या देहाला तो होत नाही, असे काही नाही. उलट दणकट माणूस पहिल्या दिवशी जास्त धावतो आणि जास्त भोगतो. हे दुखणे काही नवे नव्हे. होसे दे आकोस्ता नावाच्या धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात आंदीजची खिंड ओलांडताना आपली काय दशा झाली ते लिहून ठेवले आणि तिथली हवा माणसाच्या श्वासाला फार विरळ असावी, असा तर्क १५९० साली छापलेल्या ग्रंथात केला. आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी हिमालयात एकाएकी उंचावर नेलेल्या सुमारे १,९०० जवानांच्या या आजाराचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला, तो जगभरचे डॉक्टर अजून वाचतात. विमानाने थेट लेहला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे ध्यानात धरावे. लेह कुस्कोपेक्षाही किंचित उंच आहे.

घरमालकीणबाईंनी भाचीचा चेहरा पाहिला आणि मला न विचारताच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर तरुण, इंग्रजी बोलणारे. बोटाला चिमटा लावला, आकडा अठ्ठ्याहत्तर. कुस्कोत नव्वदच्या आसपास असला तर त्यांचे समाधान होते. माझा आकडा अठ्ठ्याऐंशी निघाला. भाचीने माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी परीक्षेत नक्कल केली होती!

"मासे?" डॉक्टर म्हणाले. "असतीलही. पण इतक्या उंचीवर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डोके दुखून ओकारी झाली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती उंचीचीच समजायची."

हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने उतरवून घ्यावे.

खरी अडचण इथून पुढे होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची पायवाटेची मोहीम निघायची होती. माचू पिच्चूला जाणारी ही इंकांची वाट चार दिवसांची. भाची त्यासाठीच आली होती. मी आगगाडीने जाऊन तिला तिथे भेटायचे ठरले होते. या वाटेवर दिवसाला पाचशे माणसांनाच सोडतात, तेही हमाल आणि वाटाडे धरून. परवाना पासपोर्टच्या नावाने, कित्येक महिने आधी काढलेला. तो दुसऱ्याला देता येत नाही, तारीख बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. भाचीने दोन वर्षांच्या पगारातून ते पैसे बाजूला टाकले होते. वाटेतली सर्वांत उंच खिंड १३,८०० फुटांवर. तिचे नाव 'मेलेल्या बाईची खिंड'.

"गोळी द्या आणि जाऊ द्या," भाची म्हणाली. गोळी असते, पण ती वर येण्याच्या आदल्या दिवसापासून, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की अंगात लक्षणे असताना आणखी वर जाऊन झोपायचे नाही, हा नियम मोडणाऱ्यांच्या फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी धरते. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, चालताना झोक गेला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरवायचे. त्या खिंडीच्या अलीकडे-पलीकडे मोटार जात नाही.

भाची रडली. मी तिची समजूत घातली नाही. दोन वर्षांच्या पगाराचे रडू आहे, ते येऊ द्यावे, असे माझे मत.

दिवसभर तिला नळीने प्राणवायू दिला. कुस्को खिडकीतून दिसत होते. तिला दिसत होते ते छत, आणि छताला असलेला एक ओलाव्याचा डाग. मालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा आणला. तिथे तो घरोघर पितात. औषध म्हणून त्याचा पुरावा तोकडा आहे, पण गरम पाणी पोटात जाते हे काय थोडे? दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद अंशांनाच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही. पण पेरूत भात रोजचाच, तेव्हा बाईंकडे कुकर होताच. त्यांना स्पॅनिश येत होते, मला मराठी. चार शिट्ट्यांचा मऊ भात झाला. भाचीने मीठ घालून सहा घास खाल्ले. बाईंनी मला त्यांच्याकडची एक म्हण खुणांनी समजावली: थोडे खा, हळू चाला आणि एकटे झोपा.

रात्री साडेआठला म्हणजे पुण्यात सकाळचे सात. "आईला सांगू नकोस," भाची म्हणाली. मी फोन लावला आणि बहिणीला सगळे सांगितले, आकड्यासकट. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीने आई जितकी खचते, तितकी पुऱ्या गोष्टीने खचत नाही. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ताई, तिला खाली ने. पैसे मरू देत."

सकाळी आकडा शहाऐंशीवर आला होता, तरी डोके ठणकत होते. आम्ही मोटारीने ओयान्तायताम्बोला उतरलो. हे नदीकाठचे गाव कुस्कोपेक्षा दोन हजार फूट खाली आहे. खरे म्हणाल तर लिमाहून येणाऱ्याने आधी या खोऱ्यातच दोन रात्री काढाव्यात आणि कुस्को मागाहून पाहावे. कित्येक वाटाडे तसेच सांगतात. संध्याकाळपर्यंत भाचीला भूक लागली. तिने बटाटे मागितले. आंदीज ही बटाट्याची जन्मभूमी. जांभळे, पिवळे, सुरकुतलेले असे नाना तऱ्हांचे बटाटे पुढे आले. तिने सगळे संपविले आणि माझ्याही ताटातले दोन उचलले.

माचू पिच्चू तिने पाहिले. चालत नव्हे, माझ्याबरोबर आगगाडीने. ते कुस्कोहून तीन हजार फूट खाली आहे, ही त्यातली गंमत. परवान्याचे पैसे अर्थातच आले नाहीत. प्रवासाचा विमा होता; पण त्यातही उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते, ती घरूनच वाचून निघावी. डॉक्टरांचे आणि प्राणवायूचे पैसे मिळाले, कारण मी प्रत्येक पावती सही-शिक्क्यासह मागून घेतली होती.

परतताना लिमाच्या विमानतळावर भाचीने पिशवीच्या कप्प्यातून मालकीणबाईंनी दिलेली कोकाच्या पानांची पुडी काढली. ती पाने पेरूमध्ये चालतात. आपल्याकडे आणणे हा गुन्हा आहे, कारण कोकेन त्यांच्यातूनच निघते. तिने ती एकदा हुंगली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली.