वॉरंटी यंत्राची, हिशेब आपला

दिवाळीच्या वहीपूजनास आठ दिवस उरले होते. पेडगावच्या आमच्या दुकानात सोयाबीनची आवक ऐन भरात होती. दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर संगणक सुरू केला, तो पडद्यावर एकही अक्षर उमटेना. आतून मात्र ‘टक्‌-टक्‌’ असा आवाज येऊ लागला.

यंत्र पाच महिन्यांचे, वॉरंटी तीन वर्षांची. म्हणून निश्चिंत मनाने ग्राहकसेवेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, थांबा! दर वेळी नवा आवाज, आणि प्रत्येकास कहाणी पहिल्यापासून. चौथ्या दिवशी तंत्रज्ञ आला. हार्ड डिस्क बदलून तो नम्रपणे म्हणाला, “शेठजी, डिस्क मोफत आहे, आतला डेटा वॉरंटीत येत नाही.” अट कार्डावर छापलेली होती; वाचली नव्हती ती मीच.

आमचे वृद्ध मुनीमजी संगणक आल्यावरही रोजमेळ हातानेच लिहीत. मी त्यांना हसत असे. त्याच रोजमेळावरून आणि काट्याच्या पावत्यांवरून दोन रात्री जागून आम्ही देणी-घेणी पुन्हा उभी केली. एका शेतकऱ्याच्या उधारीच्या मालाची पावती मात्र सापडेना. त्याने वजन सांगितले, ते आम्ही मान्य केले. त्या दिवशी पेढीची साख आमच्या नोंदीवर नव्हे, त्याच्या सचोटीवर तरली.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. यंत्राच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी प्रयोजनाची खरेदी सामान्यतः बसत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूस अपवाद आहे. म्हणून बिल, वॉरंटी कार्ड आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

त्याहून महत्त्वाचे, हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुकानाबाहेर. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. संगणकास यूपीएस जोडावा.

आता दुकान वाढवताना मी डिस्कवर प्रत घेतो, मुनीमजी रोजमेळ मिटतात. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय आम्ही दिवा मालवत नाही.