दुरान गेला, आता खरेदी कधी?

प्रति,
पोहलॅड कुटुंबीय,
मालक, मिनेसोटा ट्विन्स,
टार्गेट फील्ड, मिनीअ‍ॅपोलिस

नोव्हेंबर २०२५



बेसबॉलची वर्ल्ड सिरीज संपली. टोरोंटोचे ब्लू जेज सातव्या सामन्यापर्यंत झुंजले आणि हरले. त्यांच्या १८ पोस्टसीझन सामन्यांपैकी १५ सामन्यांत एक पिचर मैदानावर उतरला: लुई वारलँड. एका पोस्टसीझनमध्ये इतक्या सामन्यांत त्याआधी कुणीच पिचिंग केलं नव्हतं. हा मुलगा नॉर्थ सेंट पॉलच्या शाळेतला, पुढे सेंट पॉलच्याच काँकॉर्डिया विद्यापीठातला, आणि ३१ जुलैपर्यंत तुमच्या संघातला. त्याच्याबद्दल आणि त्याच आठवड्यात तुम्ही देऊन टाकलेल्या आणखी चौघा पिचरांबद्दल हे पत्र आहे.

मिनेसोटात मराठी माणसं आहेत, ती तिकिटं काढतात. ईडन प्रेरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्हकडची मंडळी हॉटेलात जेवायला गेली, तर २० डॉलरच्या बिलामागे ३ सेंट तुमच्या मैदानासाठी मोजून येतात. हेनेपिन काउंटीने ०.१५ टक्के विक्रीकर लावला, म्हणून २०१० साली टार्गेट फील्ड उभं राहिलं. तेवढ्या भांडवलावर चार प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पत्र उघड आहे, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी इतरांसाठी सांगतो. सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंगनंतर थकतो आणि मग बुलपेनमधून एकेक रिलीफ पिचर येतो. शेवटची इनिंग टाकतो तो क्लोजर. क्रिकेटवाल्यांनी अखेरच्या षटकांतला बुमराह आठवावा. मात्र बुमराहला नवा चेंडूही मिळतो, क्लोजरच्या वाट्याला फक्त अखेर. जुलै संपताना ट्रेड डेडलाइन येते. ज्यांना ऑक्टोबरमधल्या पोस्टसीझनची आशा आहे ते संघ असे तयार रिलीव्हर घेतात आणि बदल्यात आपल्या मायनर लीगमधली अठरा-वीस वर्षांची पोरं देतात. या पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. माणसांची ही देवघेव मराठी वाचकाला खटकेल. मलाही खटकते, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.

रिलीव्हर विकण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. रिलीव्हर वर्षाकाठी ६०-७० इनिंग टाकतो. एवढ्या थोड्या कामावरून तो खरोखर किती चांगला आहे हे नीट कळत नाही, आणि ताशी शंभर मैलांनी चेंडू फेकणारा हात कधी दगा देईल तेही सांगता येत नाही. यंदा ज्याला कुणी हात लावू शकत नाही, तोच पुढच्या वर्षी झोडपला जातो. शिवाय संघ हरत असेल तर क्लोजरला कामच काय? आठव्या इनिंगअखेर आघाडी नसली की तो बुलपेनमध्ये सूर्यफुलाच्या बिया चघळत बसतो. आणि जुलैअखेरचं गिऱ्हाईक म्हणजे अडला हरी. २०१६ साली शिकागो कब्ज १९०८ पासूनचा दुष्काळ संपवायला निघाले होते. त्यांनी अरोल्डिस चॅपमनसाठी न्यूयॉर्क यांकीजना ग्लेबर तोरेससह चौघे दिले. कब्जना किताब मिळाला. यांकीजना तोरेस मिळाला, जो पुढे त्यांच्याकडून दोनदा ऑल-स्टार झाला, आणि त्याच डिसेंबरात ८ कोटी ६० लाख डॉलर मोजून त्यांनी चॅपमनलाही परत आणलं. यातला शेवटचा भाग विसरू नका, मी त्याकडे परत येणार आहे.

या बाजारात तुम्ही नवखे नाही. २०१० मध्ये तुम्ही गिऱ्हाईक होता: मॅट कॅप्स हा क्लोजर आणला आणि विल्सन रामोस हा तरुण कॅचर वॉशिंग्टनला दिला. ऑक्टोबरात यांकीजनी तुम्हाला तीनच सामन्यांत घरी पाठवलं आणि रामोस पुढे दुसऱ्यांच्या टोप्या घालून ऑल-स्टार झाला. २०२२ मध्ये बाल्टिमोरचा होर्हे लोपेझ आणायला तुम्ही जे चौघे दिलेत, त्यांत येनिएर कानो होता. लोपेझ मिनेसोटात घसरला, कानो दुसऱ्याच वर्षी ऑल-स्टार. घेणारा कसा फसतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विकणारा म्हणून २०१८ चा उन्हाळा पाहा. तुम्ही रायन प्रेस्ली ह्यूस्टनला दिलात. २०२२ ची वर्ल्ड सिरीज जिंकताना अ‍ॅस्ट्रोजचा शेवटचा बळी त्यानेच घेतला. त्याच्या बदल्यात आलेल्या दोघांनी मिळूनही त्याची भरपाई केली नाही. त्याच उन्हाळ्यात एदुआर्दो एस्कोबार हा इनफिल्डर अ‍ॅरिझोनाला देऊन तुम्ही तीन पोरं आणलीत. त्यातला एक वीस वर्षांचा होता, खालच्या पायरीवर खेळत होता. त्याचं नाव योआन दुरान. मुख्य संघात यायला त्याला २०२२ उजाडलं. पोस्टसीझनमध्ये सलग १८ सामने हरलेला तुमचा संघ ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अखेर जिंकला, तेव्हा शेवटची इनिंग टाकायला तोच उभा होता. तो मैदानाकडे निघाला की टार्गेट फील्डचे दिवे मालवले जायचे, पडद्यांवर ज्वाळा उठायच्या आणि एरवी अबोल असणारे मिनेसोटावासी उभे राहून ओरडायचे. म्हणजे दुरान स्वतःच डेडलाइनचं फळ होता. त्याला विकून पुन्हा बियाणं घेणं हा व्यवहार मुळात चुकीचा कसा म्हणू?

पण ज्या उदाहरणाने मला हे पत्र लिहायला लावलं ते तुमच्या घरातलं आहे आणि जुनं आहे. कार्ल पोहलॅड यांनी १९८४ साली हा संघ विकत घेतला, १९८७ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. १९८९ च्या ३१ जुलैला त्यांच्या संघाने फ्रँक व्हायोलाला न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवलं. व्हायोला म्हणजे आदल्या वर्षीचा साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा मानकरी आणि १९८७ च्या विजयाचा नायक. बदल्यात आलेल्या पाच पिचरांत केव्हिन टॅपनी आणि रिक अगिलेरा होते. १९९० मध्ये संघ विभागात तळाला गेला. तळाला गेलेल्या संघाच्या मालकाने खर्च आवरता घेतला असता तर कुणी नवल केलं नसतं. पण त्या हिवाळ्यात सेंट पॉलमध्ये जन्मलेला जॅक मॉरिस फ्री एजंट म्हणून करारबद्ध झाला, चिली डेव्हिस आला. १९९१ मध्ये टॅपनीने १६ सामने जिंकले, अगिलेराने ४२ सामन्यांत अखेरची आघाडी राखून सेव्ह नोंदवले, आणि अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात मॉरिसने दहाच्या दहा इनिंग एकट्याने टाकून १-० असा विजय मिळवून दिला. विकलेल्या व्हायोलाचा सौदा पुरा झाला तो मॉरिसच्या करारावर सही झाली तेव्हा.

याच कार्ल पोहलॅड यांनी दहा वर्षांनी, २००१ साली, लीग लहान करण्यासाठी ट्विन्स मोडीत काढायची तयारी दाखवली होती. इथले लोक तेही विसरलेले नाहीत.

आता गेल्या जुलैबद्दल. २६ जणांच्या संघातले १० जण त्या आठवड्यात गेले. त्यांत पाच रिलीव्हर. दुरान फिलाडेल्फियाला, बदल्यात मिक एबल हा पिचर आणि एदुआर्दो टेट हा अठरा वर्षांचा कॅचर. माझ्या मते हा सौदा चांगला झाला; दुरानचा हात आणखी किती वर्षं असा चालेल कुणी सांगावं? ब्रॉक स्टुअर्ट लॉस एंजेलिसला गेला आणि लवकरच खांदा दुखावून बाहेर बसला, तेव्हा रिलीव्हरच्या भरवशाबद्दलचं वर लिहिलेलं खरंच म्हणायचं. डॅनी कुलोम टेक्सासला गेला, त्याचा करार तसाही संपत होता. ग्रिफिन जॅक्सच्या बदल्यात टँपा बेकडून ताज ब्रॅडली आला. तो सुरुवातीच्या इनिंगचा पिचर आहे, वयाने तरुण आहे, रास्त देवघेव.

वारलँडचं गणित मात्र मला सुटत नाही. २०३० पर्यंत तो तुमच्याच हाती राहणार होता. पगार लीगच्या किमान पगाराच्या आसपास. त्याच्याबरोबर टाय फ्रान्सही टोरोंटोला दिलात आणि अ‍ॅलन रोडेन व केंड्री रोहास घेतलेत. दोघे बरे असतील. पण संघ पुढच्या एक-दोन वर्षांत जिंकायचा असेल तर स्वस्त, तरुण आणि गावचा रिलीव्हर विकायचं कारण काय? आणि पाच वर्षं जिंकायचंच नसेल, तर तसं प्रेक्षकांना सांगितलं कुणी?

शंका येण्याचं कारण महागड्या करारावरचा खेळाडू कार्लोस कोरेया. त्याला ह्यूस्टनला देताना तुम्ही वर ३ कोटी ३० लाख डॉलर भरलेत आणि हाती आला मायनर लीगमधला एक पिचर. हा सौदा करार अंगावरून उतरवण्यासाठी होता, हे शेंबडं पोरही सांगेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुम्ही संघ विकायचा विचार जाहीर केला होता. डेडलाइननंतर दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, विकत नाही असं सांगितलंत. कर्ज हलकं करायला छोटे भागीदार घेतलेत. मोसम ७०-९२ वर संपला. मग मॅनेजर रोको बाल्डेल्ली यांना काढलंत. बुलपेन रिकामं करून दिल्यावर त्यांनी आठवी आणि नववी इनिंग कुणाकडून टाकून घ्यायची होती, हे त्यांना तरी कळलं होतं का?

२०२३ ची आठवणही ताजी आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा पोस्टसीझनची एक मालिका जिंकलीत, गाव आनंदात होतं, आणि त्याच हिवाळ्यात टीव्हीचं उत्पन्न घटल्याचं सांगून तुम्ही पगाराचा आकडा खाली आणलात. त्या वेळी कुणीही रिलीव्हर विकला नव्हता, पण तेव्हाच काहीतरी तुटलं. म्हणून यंदाच्या प्रॉस्पेक्टांच्या याद्या पाहून मला आनंद होत नाही. टेट तुमच्याकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. तो टार्गेट फील्डवर येईल तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहायला कोण असेल? त्याला तीन वर्षं खेळवून, महाग होताच, एखाद्या जुलैत तुम्ही त्यालाही अठरा वर्षांच्या दुसऱ्या कुणासाठी देऊन टाकणार नाही याची खात्री कोण देणार? यांकीजनी चॅपमन विकला तो त्याला परत विकत घेण्याची ऐपत आणि इच्छा असताना. तुमची ऐपत तेवढी नाही, मान्य. इच्छा आहे का, एवढंच विचारतो.

मागणं मोठं नाही. पुढच्या दोन मोसमांत पगारावर किमान किती खर्च करणार, तो आकडा जाहीर करा. मैदानासाठी कर भरणाऱ्या काउंटीला तो कळायला हवा. पिचर जो रायन २०२१ मधल्या नेल्सन क्रूझच्या विक्रीतून आला. त्याला आणि दुसरा पिचर पाब्लो लोपेझ याला या हिवाळ्यात बाजारात मांडू नका. बुलपेनमध्ये आता फारसं कुणी उरलेलं नाही, तेव्हा दोन अनुभवी रिलीव्हर पैसे देऊन आणा. आणि हे सगळं एप्रिलच्या आधी करा, कारण सीझन तिकिटांचे पैसे तुम्ही आमच्याकडून एप्रिलच्या आधीच घेता.

आपला,
एक मराठी ट्विन्सप्रेमी,
हेनेपिन काउंटी, मिनेसोटा