संशयाचे स्थान : मराठी ख्रिस्ती भक्तिकवितेच्या वाचनाविषयी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कवितेची वाटणी मराठी समीक्षेने फार पूर्वीच करून टाकली आहे. फुलामुलांचा कवी, निसर्गकवी, बालकवींना घरात आसरा देणारा वडीलधारा कवी ही त्यांची एक प्रतिमा. आणि ‘अभंगांजली’चा व ‘ख्रिस्तायना’चा कर्ता ही दुसरी. पहिली प्रतिमा अभ्यासक्रमात आली, दुसरी उपासनेच्या पुस्तकात राहिली. या वाटणीमुळे टिळकांच्या भक्तिकवितेवर जे बोलले गेले ते बहुधा दोनच प्रकारचे होते. धर्मांतराने कवीची हानी झाली की लाभ झाला, हा एक प्रकार. आणि ख्रिस्ती आशय वारकरी अभंगात कितपत मुरला, हा दुसरा. दोन्ही चर्चांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. श्रद्धा ही या कवितेत आधीच पूर्ण झालेली, शंकेच्या पलीकडे गेलेली अशी वस्तू आहे, असे मानूनच वाचन सुरू होते. हे गृहीत तपासले पाहिजे.

ज्या परंपरांच्या संगमावर टिळक उभे होते, त्या दोन्हींत संशयाला मानाचे स्थान आहे. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला कठोर शब्द सुनावणारे, त्याच्या अस्तित्वावरच प्रश्न करणारे तुकारामांचे अभंग मराठी वाचकाला परके नाहीत. आपल्यापुरता देव मेलाच आहे, असे म्हणण्यापर्यंत तुकोबांची मजल जाते, आणि तरीही त्या अभंगाला वारकरी परंपरेने गाथेबाहेर काढले नाही. इकडे बायबलातही तेच दिसते. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोणत्याही समाधानाशिवाय अंधाराच्या उल्लेखावर संपते. ईयोब देवाला जाब विचारतो. मार्ककृत शुभवर्तमानातील आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात कबूल करतो, आणि त्यासाठी त्याला कोणी माघारी लावत नाही. क्रूसावरचा परित्यक्ताचा आक्रोश तर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाचाच उच्चार आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती कवीजवळ संशय व्यक्त करण्याचे साधन नव्हते, असे म्हणता येणार नाही. दोन्ही घरांतून त्याला ते वारशानेच मिळाले होते.

मग छापील ख्रिस्ती गीतसंग्रहांत तो इतका विरळ का आढळतो?

याचे उत्तर कवीच्या प्रतिभेपेक्षा त्याच्या परिस्थितीत शोधणे अधिक योग्य ठरेल. धर्मांतरिताचा संशय हा त्याचा एकट्याचा राहत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्याकडे दोन बाजूंनी डोळे लागलेले होते. एका बाजूला आप्तस्वकीय, ज्यांच्या लेखी परतीची वाट अजून खुली होती. दुसऱ्या बाजूला मिशन, ज्याला या विद्वान ब्राह्मणाच्या निष्ठेची खात्री हवी होती. अशा माणसाने एखाद्या रात्री देव हरवल्याचे लिहिले, तर ती कविता राहत नाही, पुरावा होते. एक पक्ष तिला पश्चात्ताप म्हणेल, दुसरा डळमळ म्हणेल. जन्माने ज्या धर्मात आहोत त्यात राहून देवाशी भांडणे आणि सर्वस्व सोडून ज्याच्याकडे आलो त्याच्याशी भांडणे, यांत मोठा फरक आहे. तुकारामांनी विठ्ठलाला काहीही म्हटले तरी ते वारकरीच राहणार होते. ही सोय टिळकांना नव्हती.

याच प्रश्नाचे फार जुने रूप गोव्यात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यातील श्रोता पाद्रीगुरूला शंका विचारतो, पण त्या शंका पुराणाच्या श्रोता-वक्ता पद्धतीतील आहेत. उत्तराला वाट करून देण्यासाठीच त्या येतात. जिचे उत्तर पाद्रीजवळ नाही अशी शंका त्या ग्रंथात येऊ शकत नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. नवख्रिस्त्याच्या मनातील खऱ्या शंकेची जागा ओवीत नव्हती, ती चौकशीच्या दप्तरात होती. स्टीफन्सच्या मराठीच्या गोडव्याविषयी आदराने लिहिणाऱ्या अभ्यासकांनी या शेजाराची दखल अधिक घ्यायला हवी होती.

इंग्रजी धर्मकवितेशी तुलना केली की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जॉर्ज हर्बर्ट यांच्या, १६३३ साली मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या संग्रहात बंडखोरीची आणि कोरडेपणाची कविता मोकळेपणाने येते, आणि तरी इंग्लंडच्या चर्चने त्यांना आदर्श धर्मोपदेशक मानले. हर्बर्ट जन्मानेच त्या चर्चचे होते. याउलट जेरार्ड मॅन्ले हॉपकिन्स १८६६ साली कॅथलिक झाले, पुढे जेझुइट झाले, आणि डब्लिनमध्ये १८८५च्या सुमारास त्यांनी जी काळोखी सुनीते लिहिली ती हयातीत कोठेही छापली नाहीत. रॉबर्ट ब्रिजेस यांनी त्यांचा संग्रह काढला तो १९१८ साली, कवीच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. हॉपकिन्स यांना देवाच्या अस्तित्वाविषयी शंका होती असे ती सुनीते वाचून म्हणता येत नाही. तो देव आपल्याशी बोलत नाही, ही त्यांची वेदना आहे. पण ही वेदनादेखील एका धर्मांतरिताने कागदावर उतरवून बाजूला ठेवली, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. एका उदाहरणावरून सिद्धान्त उभारण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हॉपकिन्स यांनी आपली बहुतेक सर्वच कविता अप्रकाशित ठेवली होती.

मराठीत हा अप्रकाशित कागद कोठे आहे? तो गद्यात आहे, आणि विशेष म्हणजे स्त्रियांच्या गद्यात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर लगेचच सिस्टर जेराल्डिन आणि इतर वडीलधाऱ्यांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या पत्रांत रमाबाई एक पाऊलही मागे हटत नाहीत. एका गुरुसत्तेतून बाहेर पडलो ते दुसरीपुढे मान तुकवण्यासाठी नव्हे, हा त्यांचा सूर आहे. पुढे १९०७च्या आपल्या निवेदनात त्यांनी स्वतःच सांगितले की, धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. हा आठ वर्षांचा काळ मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाला जवळजवळ माहीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तर हा काळच ग्रंथाचा गाभा होऊन बसला आहे. मीठसाखरही धुऊन घेणाऱ्या सोवळ्या बापाच्या घरात ही मुलगी वाढली. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ताटातूट झाली. पुढे एकत्र राहू लागल्यावरही तिने आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. बदल झाला तो एखाद्या प्रवचनाने नव्हे. जातीचा हा भेद देवाने केला की माणसाने, या एका प्रश्नाशी ती स्वतः झुंजत राहिली, आणि सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे संशय श्रद्धेच्या आड येत नाही, तोच पुढची पायरी होतो. आणि तोही जुन्या श्रद्धेविषयीचा संशय आहे, हे विसरून चालणार नाही. धर्मांतरिताच्या चरित्रात संशय दोनदा येतो: एकदा सोडलेल्या घराविषयी, एकदा नव्या घराविषयी. पहिल्याची साक्ष मंडळीत कौतुकाने ऐकली जाते. दुसऱ्याला श्रोता मिळत नाही.

टिळकांचा हा दुसरा संशय कोठे गेला, याचा शोध त्यांच्या अखेरच्या वर्षांत घ्यावा लागतो. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र आणणारे हे मंडळ होते. ख्रिस्ताविषयी त्यांची निष्ठा उणावली नव्हती, ती वाढतच गेली होती. संस्थेवरचा विश्वास मात्र उडाला होता. हे पाऊल त्यांच्या उत्तरकालीन अभंगांशेजारी ठेवून वाचले, म्हणजे त्या अभंगांतील एकान्ताची ओढ, मध्यस्थावाचून भेटीचा आग्रह यांचा अर्थ बदलतो. नुसती भक्तीची आर्तता म्हणून जे वाचले जाते, त्यात एक नकारही आहे. विरहाची भाषा ही येथे संशयाने घेतलेले वेषांतर आहे, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हा टिळकांचा सांगण्याचा विषय प्रसिद्ध आहे. त्या पुलावरून भक्तीबरोबर भांडणही पलीकडे गेले, एवढीच त्याला पुस्ती जोडावी लागेल.

गीतसंग्रहाचा स्वभावही विचारात घेतला पाहिजे. अभंगाला कवीची नाममुद्रा असते आणि ‘तुका म्हणे’ एवढ्यानेच सारे म्हणणे एका माणसाच्या पदरात पडते; हजार टाळकऱ्यांनी म्हटले तरी ते तुकोबांचेच भांडण राहते. तोच अभंग क्रमांक घेऊन उपासनेच्या पुस्तकात बसला की तो मंडळीचा उच्चार होतो, आणि मंडळी रविवारी सकाळी आपला संशय गात नाही. यात उपासनेचे काही चुकले असे नाही. चूक अभ्यासकाची आहे, कारण तो गीतसंग्रहातील निवडीलाच कवीची समग्र कविता मानतो. २०२० साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हाही वाद झाला तो त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या झग्याविषयीच अधिक. ख्रिस्ती लेखकाला आधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि मग त्याच्या कवितेत आत्मशोध नाही म्हणून नाक मुरडायचे, ही रीत जुनी आहे, आणि विद्यापीठीय समीक्षाही तिच्यापासून मुक्त नाही.

या दृष्टीने ‘ख्रिस्तायना’कडे पुन्हा वळणे फलदायी ठरेल. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा या महाकाव्याचे दहा-अकराच अध्याय लिहून झाले होते. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. कधी शाळेत न गेलेल्या, वर्षानुवर्षे ख्रिस्ती पाण्याचा विटाळ मानलेल्या बाईने ख्रिस्ताचे चरित्र ओवीत आणले. थोमाच्या संशयाचा, पेत्राच्या नाकारण्याचा भाग तिच्या वाट्याला आला. टिळकांचे अध्याय आणि लक्ष्मीबाईंचे अध्याय यांचा भाषिक तौलनिक अभ्यास मात्र अजून उपेक्षितच आहे.